अनुमान

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

टण्ण! — आणि मग लांबत लांबत जाणारं ते ण्ण्ण...

मसूरच्या शाळेत रुळाचा एक तुकडा कडुनिंबाला टांगलेला असे. शिपाई त्यावर लोखंडी कांब मारायचा. शेवटचा तास कवितेचा. घंटा झाली तरी आम्ही शेवटचा चरण पुरा करूनच उठायचो, आणि तो चरण घंटेच्या नादात विरघळून जायचा. साठाहून जास्त वर्षं झाली. आज तोच आवाज पुन्हा ऐकला — मेटगळ्ळीत, खंडोजीच्या गॅरेजमध्ये! त्याच्या हातून पाना पडला होता. एवढंच.

(मसूरचा माणूस म्हैसूरला आलो. नावात फरक थोडासाच. आयुष्यात वीस वर्षांचा.)

गाडी दाखवायला नेली होती. २००६ ची गाडी. आरटीओची तपासणी ५ मार्चला. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाहीतर मुलानं आधीच बजावलंय — "बाबा, मग भंगार. आता तारखा वाढवत बसायचं नाही." ब्रेकवर पाय ठेवून थांबलं की पेडल हळूहळू खाली जातं, डुलकी लागल्यासारखं.

खंडोजी बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "मास्टर सिलिंडर गेला, साहेब. आतनं गळतंय, नोडी." नोडी म्हणजे बघा. मला येणाऱ्या दहा-बारा कन्नड शब्दांतला एक. पेडल दाबलं की चारी चाकांकडे तेल ढकलतो तो हा सिलिंडर. गाडी थांबते ती याच्यामुळे.

"कंपनीचा घालायचा की बाहेरचा?"

"कंपनीचाच! २०१४ साली भोगलं ते पुरे आहे."

खंडोजी काहीतरी बोलणार होता. पाना पुसत राहिला.

३ फेब्रुवारी

शोरूमला फोन केला. मुलगी गोड बोलली. "सर, मॉडेल बंद झालंय ना. डेपोत असला तर तीन आठवड्यांत येईल. असला तर."

असला तर! सहा मात्रा. सगळा ब्रेक त्या सहा मात्रांवर.

५ फेब्रुवारी

पुन्हा मेटगळ्ळी. खंडोजीनं मला स्टुलावर बसवून शिकवणी घेतली. पार्टच्या तीन जाती. पहिली — कंपनीच्या डबीतला. दुसरी — त्याच कारखान्यात तयार झालेला, पण कारखान्याच्या स्वतःच्या डबीतला. किंवा दुसऱ्या चांगल्या कारखान्याचा. "हा वाईट नाही साहेब, लोक उगीच भितात. माझ्या गाडीत हाच आहे." तिसरी जात — डबी कंपनीची, आत कोण ते चामुंडीला ठाऊक.

तिसऱ्या जातीवर मी एकदा दोन ओळी केल्या होत्या. २०१४, मराठी मंडळाचा गणेशोत्सव:

डबी असे कंपनीची, आत दुसरेच काही,
वासुदेवा, तुझ्याकडे खरे काहीच नाही!

हॉल हसून हसून लोळला. टाळ्या. वन्स मोअर झाला. वासुदेवराव तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं अशोका रोडवर स्पेअर पार्टचं दुकान, वर घर. सात पिढ्या इथल्या, घरात अजून मराठी बोलतात. आम्ही इथं नवे आलो तेव्हा दूधवाला, डॉक्टर, गॅस, सगळं त्यांनी लावून दिलं. त्यांच्या वनजाबाई आणि माझी बायको रजनी तर बहिणी-बहिणी.

पण ओळी खोट्या नव्हत्या. त्या मे महिन्यात त्यांच्याच दुकानातून घेतलेला मास्टर सिलिंडर पाच दिवसांत फुटला. बन्नूर रस्त्याला, वळणावर. गाडी उसात शिरली. मला खरचटलं. रजनीचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. आजही ती पोळी डाव्या हातानं लाटते.

मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, "कंपनीचा नाही, हे सांगायचं होतं!" ते म्हणाले, "सांगितलं होतं." खोटं बोलतात यापेक्षा ते कसं बोलतात, त्याचाच मला जास्त राग आला. इतक्या शांतपणे!

बारा वर्षं झाली. बोलणं नाही.

७ फेब्रुवारी

काही नाही. कुक्करहळ्ळी तळ्यावर पाणकावळे.

९ फेब्रुवारी, सोमवार

खंडोजी घरी आला होता. रजनीनं कॉफी दिली. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, एक विचारू? आत्ता गाडीत आहे तो सिलिंडर कुणाकडचा?"

"शोरूमचा. तूच घातलास, अपघातानंतर."

"शोरूममध्ये नव्हता हो तेव्हा. वासुदेवरावांनी बेंगळूरहून मागवून दिला. कंपनीचा, सीलबंद. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, 'माझं नाव ऐकलं तर त्यांना ब्रेक लागणार नाही.'" खंडोजी हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बारा वर्षं तुम्ही त्यांच्याच ब्रेकवर थांबताय, साहेब."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. रजनीनं ऐकलं असणार.

गाडी जुलैत दुरुस्त होऊन आली, म्हणजे सिलिंडर त्यांनी जुलैत दिला. ओळी मी म्हटल्या ऑगस्टच्या अखेरीस. लिहून ठेवतो.

तरीही — नंतर चांगला दिला म्हणून आधीचा खोटा खरा होतो का? चोर पस्तावला तरी चोरी ती चोरीच. असं मी खंडोजीला म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही शिकलेले. मला काय समजतं!" आणि निघून गेला. कॉफी अर्धी तशीच.

१२ फेब्रुवारी

ईश्वरीची उद्या कन्नडची चाचणी. नात सहावीत आहे. मराठी तिला जेवण्याखाण्यापुरतं येतं, कन्नड फाडफाड. मला वही धरून बसवलं. अक्षर मला वाचता येत नाही, पण तिनं बाजूला इंग्रजीत अर्थ लिहिलेत. समानार्थी शब्द म्हणत होती. मला जरा मजा वाटत होती — संस्कृत शब्द, आपलेच पाहुणे दुसऱ्याच्या घरी.

"संशय — अनुमान," ती म्हणाली.

"चूक!"

"काय चूक?"

"अनुमान म्हणजे तर्क, अंदाज. धूर दिसला की अग्नी असणार — ते अनुमान. संशयाच्या अगदी उलट!"

"आजोबा, मॅमनी राइट दिलंय. हे बघा."

"मॅमना सांग, आजोबा येऊन भेटतील."

"अय्यो, नको! माझे मार्क्स जातील!" तिनं वही ओढून घेतली. "अनुमान म्हणजे डाउट. सगळ्यांना माहितीय. बसमध्ये पण म्हणतात."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "रजनी, अनुमान म्हणजे काय गं?"

"कन्नडात? शंका." कोथिंबीर निवडत होती, वर पाहिलंही नाही. "का?"

"काही नाही. ईश्वरीचा अभ्यास."

१३ फेब्रुवारी

माळ्यावरून २०१४ ची वही काढली. इथं तसंच उतरवून घेतो, माझ्याच अक्षरातलं —

'१९ मे. सकाळी वासुदेवरावांकडे. त्यांनी सिलिंडर हातात घेतला, बोटातल्या चांदीच्या अंगठीनं टण्ण करून वाजवला. पुन्हा वाजवला. शाळेची घंटाच! कान लावून म्हणाले, "कंपनीचा म्हणून अनुमान आहे, दिलीपराव." वा! काय शुद्ध शब्द! आपल्याकडे आता कोण म्हणतं? सगळे "बहुतेक" आणि "मोस्टली". म्हैसूरच्या दुकानदारानं अनुमान म्हणावं! मन प्रसन्न झालं. मग विचारलं, "आठ दिवस थांबता काय? दुसरा मागवतो." मी म्हटलं, "अनुमान आहे ना? मग द्याच!" ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मोठं धैर्य आहे तुम्हाला." धैर्य कसलं? ब्रेक घ्यायला? गमतीदार माणूस.'

तीनदा वाचलं.

कंपनीचा असल्याबद्दल शंका आहे. आठ दिवस थांबा. — शंका आहे ना? मग द्याच!

सांगितलं होतं, म्हणाले. सांगितलं होतंच की!

मी तो सिलिंडर घेतला तो एका शब्दाच्या प्रेमात पडून. आणि शब्द त्यांचा होता, माझा नव्हता.

१४ फेब्रुवारी

रजनीला वही वाचून दाखवली. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. 'अनुमान आहे ना? मग द्याच!' इथं तिचा हात थांबला.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं की. कंपनीचा आहे म्हणाले, असं सांगितलं."

"त्यांचे शब्द नाही सांगितलेत. तुमचे सांगितलेत." मग म्हणाली, "त्यांचे सांगितले असते तर मी गाडीत बसले नसते. आणि वनजाशी बारा वर्षं बोलायचं सोडलं नसतं."

मी मनगटाकडे बघितलं. तिनं ते घड्यांखाली घेतलं. रागानं नव्हे. सवयीनं.

थोड्या वेळानं एकदम हसायला लागली. "मोठं धैर्य आहे तुम्हाला! बिचारे! काय वाटलं असेल हो त्यांना?"

१६ फेब्रुवारी

पत्र लिहायला बसलो. आधी भुजंगप्रयातात जुळवलं, चार कडवी. बरी उतरली होती. रजनीनं वाचली आणि परत दिली.

"यमक नको. यमकानंच घोळ घातलाय."

फाडली.

१७ फेब्रुवारी

साधं लिहिलं. 'वासुदेवराव, तुम्ही सांगितलं होतं. मला तो शब्द कळला नव्हता. बारा वर्षांनी नातीकडून कळला. चूक माझी. नंतर जे मी मंडळात म्हटलं, ते तर चुकीपेक्षाही वाईट. मास्टर सिलिंडर पुन्हा गेला आहे. कंपनीचा की बाहेरचा, ते तुम्ही ठरवा. तुम्ही द्याल तो घालीन.'

खाली दोन शब्द कन्नड अक्षरांत हवे होते — अनुमान इल्ला. शंका नाही. ईश्वरीनं कागदावर काढून दिले, मी गिरवले. पहिलीत बाराखडी गिरवायचो तसे, जीभ बाहेर काढून. गोल गोल अक्षरं, जिलब्या! सात वेळा बिघडले. आठव्यांदा ईश्वरी म्हणाली, "ओके. पासिंग."

खंडोजीकडे दिलं. त्यानं खिशात ठेवलं. "ते आता खाली उतरत नाहीत, साहेब. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वर्षभर वरच असतात. दुकान जावई बघतो. वर नेऊन देतो." जाता जाता म्हणाला, "तुमच्या त्या दोन ओळी अजून चालतात बाजारात. तुम्हाला माहीत नसेल. मंडळातली माणसं तेव्हापासून पलीकडच्या दुकानात जातात."

माहीत नव्हतं. माझी एकच कविता लोकांच्या तोंडी राहिली — ती ही!

१८ फेब्रुवारी

रजनी ताट वाढताना म्हणाली, "टाळ्या दोनशे लोकांसमोर घेतल्यात. माफी चिठ्ठीत?"

आमटी तिखट होती.

२० फेब्रुवारी

उत्तर नाही. मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. २७ ला मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम. पाच मिनिटं मागितली. "काव्यवाचन ना, काका?" हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खंडोजीला विचारलं. चिठ्ठी दिली म्हणाला. वासुदेवरावांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली. वनजाबाईंना वाचायला दिली नाही. उशीखाली ठेवली.

"रागात होते?"

"काय समजत नाही हो. म्हातारी माणसं सगळी सारखीच दिसतात."

शोरूमचा मेसेज आला: पार्ट उपलब्ध नाही. सहा मात्रा संपल्या.

खंडोजी म्हणतो, बाहेरचा, चांगल्या कारखान्याचा उद्या घालतो, ५ तारखेला निर्धास्त जा. म्हटलं, नको. लिहून दिलंय — ते देतील तो. "आणि नाही दिला तर?" नाही दिला तर नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं. हॉल भरलेला. माझ्या आधी एका मुलीनं गझल म्हटली, चांगली म्हटली. मग मी. कागद नेला नव्हता, १४ सालची वही नेली. १९ मेचं पान वाचलं, जसं आहे तसं.

गंमत अशी — 'अनुमान आहे ना? मग द्याच!' म्हटल्याबरोबर जुनी म्हैसूरकर मंडळी एकदम फुटली! म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि आमची पुण्या-साताऱ्याकडची माणसं गप्प, एकमेकांकडे बघत. एक हॉल, दोन भाषा, दोन्ही मराठी. मला अर्थ सांगावा लागला. मग तीही हसली. मग मी त्या दोन ओळींबद्दल बोललो. सिलिंडर जुलैचा, ओळी ऑगस्टच्या, हेही सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

टाळ्या पडल्या, थोड्या. कुठे वाजवायच्या हे कुणाला कळलं नसावं.

तिसरी रांग बघितली. तिथं एक तरुण जोडपं फोनमध्ये.

रजनी रिक्षात म्हणाली, "बरं वाचलंत." इतकंच.

२८ फेब्रुवारी

उत्तर नाही. गाडी अंगणात उभी. पेडल डुलक्या घेतंय. मुलानं भंगारवाल्याचा नंबर पाठवला.

१ मार्च, रविवार

सकाळी पेपर वाचत होतो. फाटकाच्या लोखंडावर — टण्ण!

मला वाटलं, मसूर. मग पुन्हा वाजलं. रजनी माझ्याआधी उठली.

वासुदेवराव. वॉकर धरून. मागे रिक्षा, रिक्षात वनजाबाई. अंगठी तीच, बोट बारीक झालंय. वॉकरला पिशवी, पिशवीत डबी — कंपनीची. त्यांनी डबी उघडली, सिलिंडर फाटकाच्या खांबावर ठेवला, कान तिरका करून एकदा वाजवला. पुन्हा वाजवला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. तोच शांत आवाज.

"कंपनीचा म्हणून अनुमान आहे, दिलीपराव. आठ दिवस थांबता काय?"

तपासणीला चार दिवस आहेत.

थांबतो, म्हटलं.